रेडिटक्स : बी-पेशी लिम्फोमावरच्या रिटुक्सिमॅबचे एका फार्मासिस्टने केलेले परीक्षण

डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमाचे, म्हणजे बी-पेशी या पांढऱ्या पेशींच्या एका कॅन्सरचे, निदान झाले की नातेवाइकांच्या हातात औषधांची जी चिठ्ठी पडते, तिच्यातील एका नावाची किंमत बहुतेक वेळा उरलेल्या सगळ्या औषधांच्या एकत्रित किमतीहून जास्त असते. ते नाव रिटुक्सिमॅबचे. कॅन्सर रुग्णालयाच्या औषध विभागात काम करताना माझ्यासमोर वारंवार एकच प्रश्न येतो : हे एवढे महाग इंजेक्शन वगळून बाकीची केमो घेतली तर चालणार नाही का? त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. आमच्याकडे सर्वाधिक वापरले जाते ते रेडिटक्स या नावाने मिळणारे, डॉ. रेड्डीज या हैदराबादच्या कंपनीचे रिटुक्सिमॅब, म्हणून उदाहरणादाखल तेच घेतले आहे. माझे मत आधीच सांगते : गाठीच्या पेशींवर सीडी-२० हे प्रथिन असल्याचे बायॉप्सीत दिसले असेल, तर काटकसर करण्याची जागा ही नव्हे.

या औषधाचे मोल कळण्यासाठी ते काय करते हे समजून घ्यावे लागते. बी-पेशी म्हणजे प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचे घराणे, आणि त्यांच्या आवरणावर सीडी-२० नावाचे एक प्रथिन असते. पेशी जरा वाढीला लागली की ते आवरणावर येते आणि ती पूर्ण वाढून तिची प्रतिपिंडे स्रवणारी प्लाझ्मा पेशी झाली की नाहीसे होते. अस्थिमज्जेतील मूळ पेशींवर ते नसते. त्यामुळे सीडी-२०वर नेम धरला की रोगट बी-पेशींबरोबर निरोगी बी-पेशीही मरतात हे खरे, पण नव्या पेशी घडवणारे मूळ शाबूत राहते आणि उपचार संपल्यावर काही महिन्यांत बी-पेशी पुन्हा भरून येतात. शिवाय हे प्रथिन सहसा आवरणावरून गळून रक्तात वाहत नाही आणि प्रतिपिंड चिकटले म्हणून झटकन पेशीच्या आतही ओढले जात नाही. औषधाला टेकायला इतकी स्थिर जागा मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे.

रिटुक्सिमॅब हे प्रयोगशाळेत घडवलेले प्रतिपिंड आहे. त्याचे सीडी-२० ओळखणारे टोक उंदराच्या प्रतिपिंडाचे आणि बाकीचा सांगाडा माणसाचा. ओळखणारे टोक पेशीला चिकटते, दुसरे टोक बाहेर राहते आणि ते आपल्याच प्रतिकारशक्तीला बोलावून आणते. रक्तातील कॉम्प्लिमेंट प्रथिने त्या पेशीच्या आवरणाला भोके पाडतात, नैसर्गिक मारक पेशी तिला मारतात आणि भक्षक पेशी तिला गिळून टाकतात. काही पेशी तर केवळ प्रतिपिंड चिकटल्यामुळेच आत्मनाशाच्या वाटेला लागतात. केमोची औषधे वेगाने विभाजन होणाऱ्या प्रत्येक पेशीवर घाव घालतात, म्हणून केस जातात आणि तोंड येते. रिटुक्सिमॅबने केस जात नाहीत.

ही कल्पना सहजासहजी औषधाच्या रूपात आलेली नाही. स्टॅनफर्डमध्ये रोनाल्ड लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लिम्फोमा रुग्णाला प्रतिपिंडाने बरे वाटल्याचे 1982 मध्ये प्रसिद्ध केले, पण ते प्रतिपिंड त्या एकाच रुग्णाच्या गाठीसाठी बेतलेले होते. प्रत्येकासाठी वेगळे औषध करत बसणे कुणालाच परवडणारे नव्हते. जवळजवळ सर्व बी-पेशी लिम्फोमांत आढळणारे सीडी-२० हे लक्ष्य हाती आले, तेव्हाच एका कुपीत अनेकांचे औषध भरता आले. अमेरिकेत 26 नोव्हेंबर 1997 रोजी रिटुक्सिमॅबला मान्यता मिळाली आणि कॅन्सरवर तिथे मान्यता मिळालेले ते पहिले मोनोक्लोनल (एकाच पेशीवंशातून तयार केलेले, एकसारखे) प्रतिपिंड ठरले.

आता परिणामाविषयी. फ्रान्स आणि शेजारच्या देशांतील जेला या गटाने 60 ते 80 वर्षे वयाच्या 399 रुग्णांवर केलेली चाचणी 2002 मध्ये प्रसिद्ध झाली. निव्वळ चॉप, म्हणजे सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिनक्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोन मिळालेल्यांपैकी 63 टक्के रुग्णांत गाठी पूर्ण नाहीशा झाल्या, तर रिटुक्सिमॅब जोडल्यावर 76 टक्क्यांत. दोन वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण 57 टक्क्यांवरून 70 टक्क्यांवर गेले. दर शंभरांत तेरा माणसे. ज्या उपचारपद्धतीत कितीतरी वर्षे फारशी सुधारणा झाली नव्हती, तिथे एका औषधाने हा फरक पडला, आणि म्हणूनच ‘वगळले तर चालेल का’ या प्रश्नाला मी नाही असे उत्तर देते. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2015 मध्ये त्याचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

रेडिटक्स भारतात 2007 मध्ये आले. युरोपात रिटुक्सिमॅबच्या पहिल्या बायोसिमिलरला, म्हणजे मूळ जैविक औषधाशी मिळत्याजुळत्या दुसऱ्या कंपनीच्या औषधाला, मान्यता मिळाली ती 2017 मध्ये, म्हणजे आपल्या रुग्णांना तुलनेने स्वस्त पर्याय दहा वर्षे आधी मिळाला. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे : भारतात बायोसिमिलरसाठी स्वतंत्र मार्गदर्शक नियमावली 2012 मध्ये आली, त्यामुळे रेडिटक्सची पहिली मान्यता त्याआधीच्या व्यवस्थेतली आहे. असे असले तरी भारतीय रुग्णालयांनी जुन्या नोंदी काढून मूळ औषधाशी ज्या तुलना केल्या, त्यांत परिणाम आणि दुष्परिणाम यांबाबत लक्षणीय फरक दिसला नाही, आणि डे-केअरमधला, म्हणजे दिवसभरात ड्रिप देऊन रुग्णाला घरी पाठवणाऱ्या विभागातला, माझा अनुभवही तोच आहे. माझा विश्वास या औषधावर आहे. मूळ ब्रँडच हवा म्हणून कर्ज काढणाऱ्या कुटुंबांना मी ते करू नका असेच सांगते.

कुपी 100 आणि 500 मिलिग्रॅमच्या येतात. मात्रा शरीराच्या पृष्ठभागानुसार, दर चौरस मीटरला 375 मिलिग्रॅम. 1.6 चौरस मीटरच्या मध्यम बांध्याच्या माणसाला बरोबर 600 मिलिग्रॅम लागतात, म्हणजे एक मोठी आणि एक छोटी कुपी, वाया काही जात नाही. औषध सलाईनच्या पिशवीत सोडल्यावर पिशवी हलवायची नाही, हळूच उलटीसुलटी करायची, कारण फेस आला की प्रथिन बिघडते. त्याआधी रुग्णाला पॅरासिटामॉल आणि अ‍ॅलर्जीविरोधी औषध देतात. पहिल्या वेळी ड्रिप ताशी 50 मिलिग्रॅमने सुरू होते आणि त्रास नसेल तर दर अर्ध्या तासाला 50ने वाढवत कमाल 400पर्यंत नेतात. एकदाही न थांबता हा क्रम चालला तरी 600 मिलिग्रॅम जायला सव्वातीन तास लागतात. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी बऱ्याच जणांना थंडी वाजते, ताप चढतो किंवा अंगावर पित्त उठते. मग सिस्टर ड्रिप थांबवतात, औषध देतात आणि लक्षणे ओसरली की निम्म्या वेगाने पुन्हा लावतात. हे पाहून नातेवाईक घाबरतात. हुडहुडीचा संबंध बहुतांशी बी-पेशी एकदम फुटण्याशी असतो आणि दुसऱ्या सायकलपासून, म्हणजे उपचाराच्या दुसऱ्या फेरीपासून, ती सहसा कमी होते. तरीही घसा आवळल्यासारखा वाटला, धाप लागली किंवा चक्कर आली तर लाजू नये, क्षणाचाही विलंब न करता सांगावे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्या दिवशी सकाळी घ्यायच्या की नाहीत, हे डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवावे, कारण ड्रिप चालू असताना दाब उतरू शकतो.

तक्रार आहे ती पुरवठ्याविषयी. हे औषध 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानातच ठेवावे लागते. एका पुरवठादाराकडून स्वस्तात आणलेली कुपी एका मुलाने आमच्या खिडकीवर दिली, तेव्हा थर्मोकोलच्या डब्यातील जेलपॅक कोमट झाले होते आणि बिलावर बॅच नंबर नव्हता. आम्ही ती वापरायला नकार दिला. त्या मुलाचा चेहरा मला आजही अस्वस्थ करतो, कारण चूक त्याची नव्हती आणि भुर्दंड मात्र त्यालाच बसला. म्हणून औषध पक्क्या बिलाने घ्यावे, बिलावरचा आणि कुपीवरचा बॅच नंबर ताडून पाहावा आणि शक्य असेल तर रुग्णालयाच्याच फार्मसीतून थेट डे-केअरला पोहोचवायला सांगावे. छापील किमतीवर जाऊ नये, प्रत्यक्ष दर बराच कमी मिळतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे पहिल्या सायकलच्या आधीच आरोग्यमित्राला विचारावे.

या औषधाला मर्यादाही आहेत. टी-पेशी हे पांढऱ्या पेशींचे दुसरे घराणे, त्यांच्या लिम्फोमात त्याचा उपयोग नाही. नेहमीच्या प्रकारच्या हॉजकिन लिम्फोमातही बहुधा सीडी-२० हे लक्ष्य नसते, तिथे सीडी-३० हे वेगळे प्रथिन शोधणारे ब्रेन्टुक्सिमॅब वेडोटिन आहे. मँटल सेल लिम्फोमा या बी-पेशींच्याच दुसऱ्या कॅन्सरमध्ये पेशीच्या आवरणावरील ग्राहकाकडून (रिसेप्टर) आत जाणारा ‘वाढत राहा’ हा संदेश बीटीके या विकरामार्फत जातो, आणि ते अडवणाऱ्या इब्रुटिनिबला अमेरिकेत 2013 मध्ये मान्यता मिळाली होती, पण मँटल सेलसाठीची ती मान्यता 2023 मध्ये मागे घेतली गेली. तोच मार्ग डिफ्यूज लार्ज बी-सेलच्या एका उपप्रकारातही जागा असतो, म्हणून आर-चॉपला, म्हणजे चॉप आणि रिटुक्सिमॅब या जोडीला, इब्रुटिनिबची जोड देऊन पाहिली गेली, पण सर्व रुग्णांचा एकत्रित विचार करता फायदा झाला नाही आणि साठीपुढच्यांना त्रास अधिक झाला. अलीकडे आर-चॉपमधील व्हिनक्रिस्टिनच्या जागी बी-पेशीवरचे सीडी-७९बी हे प्रथिन शोधणारे पोलाटुझुमॅब वेडोटिन देऊन दोन वर्षे रोग न वाढलेल्यांचे प्रमाण 70.2 वरून 76.7 टक्क्यांवर नेता आले. रिटुक्सिमॅब मात्र त्या नव्या पद्धतीतही कायम आहे. रोग उलटला तर बी-पेशीवरच्या सीडी-१९ या प्रथिनावर नेम धरणाऱ्या कार-टी पेशींचा, म्हणजे प्रयोगशाळेत बदल करून रुग्णाला परत दिलेल्या टी-पेशींचा, पर्याय उरतो. आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल आणि इम्युनोअ‍ॅक्ट यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार-१९ला ऑक्टोबर 2023 मध्ये भारतात मान्यता मिळाली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

रोग उलटल्यावर पुन्हा रिटुक्सिमॅब लिहून दिले गेले, तर नवी बायॉप्सी झाली आहे का, हे अवश्य विचारावे. पहिल्या उपचारानंतर काही रुग्णांच्या रोगट पेशी सीडी-२० गमावून बसतात, आणि जुन्या स्लाइडच्या भरवशावर दिलेल्या कुपीला चिकटायला जागाच उरत नाही.

शेवटची बाब हेपेटायटिस बीची, आणि तिच्याबाबतीत मी कुणाचीही गय करत नाही. पूर्वी होऊन गेलेला हा विषाणू यकृतात दबून राहिलेला असेल तर रिटुक्सिमॅबमुळे तो उसळून जिवावर बेतू शकते. त्यामुळे पहिल्या ड्रिपआधी एचबीएसएजी (विषाणूचे प्रथिन) आणि अँटी-एचबीसी (विषाणूविरुद्धचे प्रतिपिंड) या दोन्ही रक्ततपासण्या व्हायलाच हव्यात. केवळ पहिली करून भागत नाही. त्यांतली एखादी जरी पॉझिटिव्ह आली तर डॉक्टर एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिर ही विषाणूविरोधी गोळी देण्याचा विचार करतात. या गोळ्या सुरू झाल्या तर शेवटच्या मात्रेनंतरही किमान वर्षभर चालू ठेवाव्या लागतात, आणि उसळीची उदाहरणे दोन वर्षांपर्यंत नोंदली गेली आहेत. तेव्हा केमो संपल्याची तारीख आणि गोळी बंद करण्याची तारीख या दोन्ही फाइलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात.