लहानमोठ्या स्क्रीनसाठी ‘कन्स्ट्रेंट लेआउट’: मराठी ॲप बनवणाऱ्याचा अभिप्राय

गूगलने ‘कन्स्ट्रेंट लेआउट’ ही अँड्रॉइड ॲपच्या स्क्रीनवर बटणे, मजकूर वगैरे घटकांची मांडणी करणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) २०१६च्या आय/ओ या आपल्या विकासक परिषदेत जाहीर केली आणि फेब्रुवारी २०१७मध्ये तिची १.० आवृत्ती आली. ती मोफत आहे आणि ॲपसोबतच फोनमध्ये जात असल्याने वापरणाऱ्याकडे अँड्रॉइडची जुनी आवृत्ती असली तरी सहसा अडत नाही. मराठीतले अर्ज, याद्या आणि भावफलक दाखवणाऱ्या ॲपसाठी मी ती बराच काळ वापरत आलो आहे. एक्सएमएलमध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या जुन्या पद्धतीने खुणांच्या फाइलमध्ये, मांडणी लिहिणाऱ्यांसाठी वेगवेगळ्या आकारांच्या फोनवर टिकणारे याहून चांगले साधन मला अद्याप सापडलेले नाही. मात्र तिच्याकडून नेमकी कशाची अपेक्षा ठेवायची, हे आधी ठरवायला हवे.

फोन विकत घेताना आपण इंच आणि पिक्सेल पाहतो, पण मांडणीच्या दृष्टीने महत्त्वाची असते ती डीपी या, स्क्रीनच्या घनतेवर न अवलंबणाऱ्या एककात मोजलेली रुंदी. १६० डीपीआय (दर इंचाला पिक्सेल) घनतेच्या स्क्रीनवर १ डीपी म्हणजे १ पिक्सेल, आणि घनता वाढेल त्या प्रमाणात एका डीपीत जास्त पिक्सेल बसतात. त्यामुळे ३२० डीपीआयचा ७२० पिक्सेल रुंद स्वस्त फोन आणि ४८० डीपीआयचा १०८० पिक्सेल रुंद महाग फोन हे दोन्ही मांडणीसाठी सारखेच, म्हणजे ३६० डीपी रुंद असतात. उलट, त्याच १०८० पिक्सेलच्या फोनवर एखाद्या ज्येष्ठ नागरिकाने सेटिंगमध्ये जाऊन ‘डिस्प्ले साइज’ वाढवला आणि घनता ५४० झाली, तर रुंदी ३२० डीपीवर येते. म्हणून फोनच्या मॉडेलांची यादी करून प्रत्येकासाठी वेगळी मांडणी लिहिणे व्यर्थ आहे. एकाच मांडणीला आकसता आणि पसरता आले पाहिजे.

हे काम पूर्वी घटक एका ओळीत किंवा रकान्यात मांडणाऱ्या, एकात एक बसवलेल्या लिनिअर लेआउटने होत असे. त्यात वजने (उरलेल्या जागेतला प्रत्येकाचा वाटा) दिली की आतल्या घटकांची मापे दोनदा घ्यावी लागत, आणि असे थर वाढले की स्क्रीन उघडायला वेळ लागे. कन्स्ट्रेंट लेआउटमध्ये थर नसतात. ‘हे बटण त्या चित्राच्या उजवीकडे, आणि दोन्हींच्या मध्यरेषा एका ओळीत’ अशी नाती सांगायची आणि रेषीय समीकरणे सोडवून जागा ठरवण्याचे काम लायब्ररीवर सोपवायचे. त्यामागे कॅसोवरी ही पद्धत आहे, आणि ॲपलच्या ऑटो लेआउट या मांडणी-यंत्रणेचा पायाही तीच.

या नात्यांचे मोल मराठी अर्जात सर्वांत स्पष्ट दिसते. समजा, डावीकडे ‘नाव’, ‘जन्मतारीख’ आणि ‘शिधापत्रिका क्रमांक’ अशी लेबले आहेत आणि उजवीकडे माहिती भरण्याच्या चौकटी. इंग्रजीतली लेबले पाहून कोणी डाव्या रकान्याला १०० डीपी ठरवून दिले, तर मराठीत ‘शिधापत्रिका क्रमांक’ दोन ओळींत मोडते किंवा त्याचे शेपूट कापले जाते. १.१ आवृत्तीत आलेला ‘बॅरियर’ इथे कामाला येतो. तिन्ही लेबले त्याला नेमून दिली की त्यांतल्या सर्वांत लांब लेबलाच्या कडेला एक अदृश्य रेषा उभी राहते आणि सगळ्या चौकटी तिथून सुरू होतात. भाषा बदला, अक्षरे मोठी करा, रेषा आपोआप सरकते. आकडा कुठेच लिहावा लागत नाही.

तक्रार आहे ती मजकुराच्या रुंदीबाबत. बाजारभावाच्या यादीत डावीकडे शेतमालाचे नाव आणि उजवीकडे भाव असतो. नावाला ‘रॅप कंटेंट’ (मजकुराइतकीच रुंदी) देऊन दोन्ही बाजूंनी बांधले, तरी लांब झाल्यावर ते हे बंध जुमानत नाही आणि थेट भावावर चढते. त्यासाठी ‘कन्स्ट्रेन्ड विड्थ’ हा गुणधर्म वेगळा चालू करावा लागतो, किंवा रुंदी ० डीपी लिहावी लागते, जिचा इथला अर्थ ‘बंधांच्या मधली सगळी जागा घ्या’ असा आहे. नवशिक्यांची सर्वाधिक फसगत इथेच होते. ३६० डीपीवर सगळे ठीक दिसते, दोष ३२० डीपीवर उघडा पडतो, आणि बनवणाऱ्याच्या हातात बहुधा ३२० डीपीचा फोन नसतो.

उंचीबाबत तर मराठीला अधिक जपावे लागते. देवनागरीत वेलांटी आणि रफार वर, उकार खाली. ‘अर्ज पूर्ण करा’ या बटणाला ठरावीक उंची दिली आणि वापरणाऱ्याने अक्षरे मोठी केली (अँड्रॉइड १४पासून ती २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतात), की आधी रफार आणि दीर्घ उकार कापले जातात. हा दोष लायब्ररीचा नाही, पण ती तो टाळायला भागही पाडत नाही. उंची मजकुरावर सोडावी आणि किमान उंची तेवढी ४८ डीपी ठेवावी, म्हणजे बोट नीट पडते आणि अक्षरही शाबूत राहते. मराठी ॲपमध्ये हा नियम एकाही बटणासाठी मोडू नये, असे माझे ठाम मत आहे.

रुंदी टक्क्यांत देण्याची सोय मात्र मला धोक्याची वाटते. ८० टक्के रुंदीचे बटण ३६० डीपीवर २८८ डीपीचे, म्हणजे शोभेसे होते. तेच ८०० डीपीच्या टॅबवर ६४० डीपीचे होते आणि फळकुटासारखे पसरते. कमाल रुंदीची मर्यादा घालण्याची सोय आहे, ती न विसरता वापरावी. २.० आवृत्तीतला ‘फ्लो’ याहून उपयोगी आहे, कारण जागा संपली की तो पुढचा घटक खालच्या ओळीत नेतो. जिल्हा आणि तालुका निवडण्याच्या छोट्या चकत्यांसारख्या बटणांसाठी तो उत्तम आहे.

पण रुंदी दुप्पट झाल्यावर यादी आणि तपशील शेजारी शेजारी दाखवायचे का, किंवा अक्षरे दुप्पट झाल्यावर लेबल चौकटीच्या वर न्यायचे का, याचा निर्णय ही लायब्ररी घेत नाही. बॅरियर रेषा सरकवतो, पण उजवीकडे टाइप करायला जागाच उरली नाही, हे त्याला कळत नाही. त्यासाठी ‘विंडो साइज क्लास’ वापरावे लागतात. ६०० डीपीच्या आत आटोपशीर, ६०० ते ८४० मध्यम आणि त्यापुढे विस्तृत, अशी रुंदीची मूळ विभागणी आहे. अँड्रॉइड १६ला लक्ष्य केलेल्या (म्हणजे त्या आवृत्तीचे नियम स्वीकारलेल्या) ॲपसाठी तर हे टाळता येणारच नाही. किमान ६०० डीपी रुंदीच्या स्क्रीनवर ‘ॲप फक्त उभेच चालेल’ हे बंधन यंत्रणा आता सहसा मानत नाही, त्यामुळे घडीच्या फोनवर आपली मांडणी आडवी उघडणार हे गृहीत धरावे.

अँड्रॉइड स्टुडिओ या ॲप बनवण्याच्या साधनातल्या चित्रमय संपादकावर माझा फारसा विश्वास नाही. बटण ओढून ठेवले की तिथे ते जागेवर दिसते, पण बंध घातले नसतील तर प्रत्यक्ष फोनवर डाव्या वरच्या कोपऱ्यात जाते. बंध हाताने लिहावेत आणि संपादक फक्त वेगवेगळ्या आकारांत मांडणी तपासायला वापरावा.

नवे ॲप सुरू करणाऱ्याने जेटपॅक कंपोझकडे, म्हणजे एक्सएमएलऐवजी कोडमध्येच मांडणी लिहिण्याच्या गूगलच्या नव्या पद्धतीकडे, जावे. तिथे एकात एक थर ठेवल्याने वेग घटत नाही, त्यामुळे या लायब्ररीचे मूळ प्रयोजनच कमी होते. ज्यांच्याकडे एक्सएमएलमधले चालू ॲप आहे, त्यांनी ते केवळ जुने झाले म्हणून मोडू नये. ठरावीक आकड्यांनी बांधलेले अर्ज आधी बॅरियर आणि ० डीपीवर आणावेत, मग ३२० डीपी रुंदी आणि २०० टक्के अक्षरे या जोडीवर प्रत्येक स्क्रीन उघडून पाहावी, आणि कंपोझचा विचार त्यानंतर करावा.