निर्यातीची द्राक्षं कुठे द्यायची? दिंडोरी रस्त्यावरच्या एका पॅकहाउसचा अनुभव

काही हंगामांपासून आमची थॉमसन जातीची द्राक्षं या छोट्या पॅकहाउसमधून, म्हणजे माल निवडून पॅक करायच्या जागेतून, युरोपला जातात. भाव किलोमागे इतरांपेक्षा थोडा कमीच. तरी मी माल इथेच देतो, तो तिथल्या मॅनेजर ताईंमुळे.

काढणीच्या दिवसांत ताई ऑफिसात सापडत नाहीत. टेबलावर बायकांच्या शेजारी उभ्या राहून कात्रीने बारके, तडकलेले मणी काढत असतात. बायका बहुतेक पेठ-सुरगाण्याच्या. ताई निफाडच्या, पण त्यांची कोकणा बोली शिकल्यात. होळी या बायकांचा वर्षाचा मोठा सण आणि येतो ऐन काढणीत. दुसऱ्या पॅकहाउसांत त्या दिवसांत हजेरी कापायची धमकी ऐकली आहे. ताई मात्र आम्हा बागायतदारांना आधीच फोन करून तोडीच्या तारखा मागेपुढे करून घेतात.

हॉलंडचा खरेदीदार तोंडावर बोलतो, आमच्या लोकांना ते लागतं. तो घडाबद्दल बोलतोय, तुमच्याबद्दल नाही, हे ताई आम्हाला आधी सांगून ठेवतात. आणि शेतकरी गप्प बसला म्हणजे कबूल झाला असं धरू नका, हे त्याला. गेल्या भेटीत त्याने पॅकिंगबद्दल विचारलं, तर ताईंनी उत्तर एका मावशींना द्यायला लावलं, स्वतः फक्त दुभाषी झाल्या. 500 ग्रॅमच्या पनेटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डब्यात, तळाचे मणी कसे दबतात ते मावशींनी हातात धरून दाखवलं. पुढच्या खेपेला खालचं पॅड बदललं.

2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा आम्हाला कारण पेपरातून कळलं होतं. इथे रेसिड्यूचा, म्हणजे मालात उरलेल्या औषधांच्या अंशाचा, अहवाल ताई शेतकऱ्याला समोर बसवून वाचून दाखवतात.

सेवक-नेतृत्वाचा विचार मांडणारे अमेरिकेचे रॉबर्ट ग्रीनलीफ यांची कसोटी अशी: ज्यांची सेवा केली ती माणसं जास्त शहाणी, जास्त स्वतंत्र झाली का? इथे मणी काढायला आलेली सुरगाण्याची एक मुलगी आज प्रतवारी बघते. तिने हात वर केला की लाइन थांबते, माल कोणाचाही असो. माझेही क्रेट तिने मणी मोजून दाखवत बाजूला काढलेत.

हिशेबपट्टी उशिरा मिळते, ती सुधारायलाच हवी. प्रीकूलिंगच्या, म्हणजे माल आल्या आल्या गार करायच्या, खोल्याही कमी आहेत. मार्चमध्ये माल द्यायचा तर पिकअप सकाळी लवकर पोचवा आणि क्रेटवर टाकायला शेडनेट बरोबर ठेवा.