घरच्या स्टिरिओत आधी काय बदलावे? काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गाणे ऐकण्यासाठी वेगळी यंत्रणा बाळगणाऱ्या माणसापुढे केव्हा ना केव्हा हा प्रश्न उभा राहतोच की, हाताशी ठरावीक रक्कम आहे, तर ॲम्प्लिफायर बदलावा, स्पीकर बदलावेत, डॅक (डिजिटल संगीताचे ॲम्प्लिफायरला चालणाऱ्या विद्युत संकेतात रूपांतर करणारे उपकरण) घ्यावा, की नुसत्या वायरी बदलून भागेल. आमच्या घरी दर चॅनेलला 30 वॅटचा जुना ॲम्प्लिफायर, तितकाच जुना सीडी प्लेअर आणि चार इंची वूफरचे (स्पीकरमधला खालचे सूर वाजवणारा भाग) छोटे स्पीकर होते. मार्चमध्ये यांपैकी फक्त स्पीकर बदलले आणि ज्या खोलीत ते ठेवायचे, तिच्यावर थोडा खर्च केला. बाकी सारे जसेच्या तसे ठेवले. त्यानंतर नागपूरचा अख्खा उन्हाळा आणि पावसाळा या जोडणीवर काढून झाल्यावर हे लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते कोणत्या कंपनीचे घ्यावे याबद्दल नसून कोणत्या क्रमाने घ्यावे याबद्दल आहे.

स्पीकर आधी, हा निर्णय आवडीनिवडीचा नव्हता. धड अवस्थेतला साधा ॲम्प्लिफायर 20 ते 20,000 हर्ट्झच्या पट्ट्यात अर्ध्या डेसिबलहून जास्त चढउतार न होता सरळ चालतो आणि त्याचे डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ आवाजात होणारी विकृती, एका टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. स्पीकरची गोष्ट निराळी आहे. तिथे कागदाचा किंवा प्लास्टिकचा शंकूसारखा पडदा प्रत्यक्ष पुढेमागे हलायचा असतो, त्यामुळे अधिक-उणे तीन डेसिबलच्या आत राहिला तरी तो चांगला म्हणवला जातो, आणि खालच्या सुरांत मोठ्या आवाजाला त्याचे डिस्टॉर्शन काही टक्क्यांपर्यंत सहज जाते. जिथे मूळ दोषच इतका मोठा आहे, तिथे लावलेला रुपया कानाला कळतो.

नवे स्पीकर साडेसहा इंची वूफरचे, सहा ओहमचे आणि 87 डेसिबल संवेदनक्षमतेचे आहेत. पहिला फरक जाणवला तो तंबोऱ्यात. पुरुष गायकाचा तंबोरा काळी एकला लावला असेल, तर खर्जाच्या तारेचे मूळ कंपन सुमारे 69 हर्ट्झ येते. चार इंची वूफर तिथवर पोहोचतच नाही. कान वरच्या स्वरांवरून खर्जाचा अंदाज बांधून घेतो आणि आपण समाधान मानतो. आता मात्र जोडीच्या दोन तारांनंतर खर्ज पडतो, तेव्हा भोपळ्याचा घुमारा वेगळा कळतो आणि पुढच्या आवर्तनापर्यंत तो विरत जाताना ऐकू येतो. भीमसेन जोशींच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाजामागचा तंबोरा पूर्वी एक सलग झंकार वाटे, आता तो चार तारांचा वाटतो. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. लाखेच्या जुन्या तबकड्यांवरून सीडीवर आलेल्या नाट्यपदांतली खरखर आणि वरच्या पट्टीतला कर्कशपणा हे स्पीकर झाकून ठेवत नाहीत. ज्यांचा संग्रह मुख्यतः तसा आहे, त्यांनी खरेदीपूर्वी आपल्याच दोन-तीन सीडी दुकानात नेऊन ऐकाव्यात.

यापेक्षाही मोठा फरक खोलीने पाडला, आणि तो सर्वांत स्वस्तात पडला. आमचा हॉल चौदा बाय अकरा फुटांचा, उंची दहा फूट, खाली व्हिट्रिफाइड टाइल आणि चारही बाजूंनी गिलावा केलेल्या उघड्या भिंती. मधोमध उभे राहून टाळी वाजवली की भिंतींमध्ये तिचा झणत्कार ऐकू येई. ज्या खोलीत टाळी अशी वाजते, त्या खोलीत किशोरी आमोणकरांची तान स्वच्छ येईल अशी अपेक्षा कोणत्याही डॅककडून करता येत नाही. शिवाय खोलीच्या मापांवरून काही ठरावीक सूर फुगतात, आणि हे गणित साधे आहे: ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर धरून त्याला लांबीच्या दुपटीने भागावे. चौदा फुटांसाठी 40 हर्ट्झ, अकरा फुटांसाठी 51 आणि दहा फूट उंचीसाठी 56 हर्ट्झ असे आकडे येतात, आणि त्यांच्या पटीतले सूरही फुगतात. त्यातला 80 हर्ट्झचा फुगवटा थेट डग्ग्याच्या घुमकेत मिसळतो. पहिल्या आठवड्यात तबला ऐकताना डग्गा शेजारच्या खोलीत कोणी बडवत असल्यासारखा येत होता, तो यामुळेच.

त्यावर केलेले उपाय सगळे घरगुती आहेत. स्पीकर शोकेसवरून उतरवून लोखंडी स्टँडवर आणले. स्टँड ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडून दोन फूट उंचीचे करून घेतले, म्हणजे खुर्चीवर बसल्यावर ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) कानाच्या पातळीत येतो, आणि त्यांच्या पोकळ खांबात चाळून वाळवलेली कन्हानची रेती भरली. मागच्या भिंतीपासून स्पीकर दीड फूट पुढे ओढले आणि तोंडे किंचित आत वळवली. समोर जाड सतरंजी आली, आणि ऐकण्याच्या जागेमागच्या भिंतीवर गांधीबागेतून आणलेल्या कापडाची खोळ शिवून कापसाची जुनी गादी उभी टांगली. घरच्यांना ती गादी अजून खपलेली नाही, पण टाळीचा झणत्कार गेला आहे हे त्यांनाही मान्य आहे. डग्ग्याची घुमक बरीचशी ताळ्यावर आली ती मात्र गादीने नव्हे, तर स्पीकर आणि खुर्ची पुढेमागे सरकवून. चार इंच पातळ कापूस 80 हर्ट्झच्या लांबलचक लहरीला अडवू शकत नाही. खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यभागी किंवा मागच्या भिंतीला टेकून ठेवू नये, एवढे पाळले तरी पुष्कळ काम होते.

ॲम्प्लिफायर का बदलला नाही, हे मला अनेकांनी विचारले. 87 डेसिबलचा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर तेवढा आवाज देतो, आणि 30 वॅट म्हणजे त्याहून जवळपास 15 डेसिबल अधिक. बंद हॉलमध्ये आठ-नऊ फुटांवर बसून ऐकायला एवढे भरपूर आहे. तीस वॅटचा साठ केला तर मिळतात फक्त तीन डेसिबल. आवाज दुप्पट वाटावा यासाठी साधारण दहा डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. ज्यांचे स्पीकर 82-83 डेसिबलचे किंवा चार ओहमचे आहेत आणि हॉल मोठा आहे, त्यांनी ॲम्प्लिफायरचा विचार जरूर करावा. आम्हांला गरज नव्हती. व्हॉल्यूमचे बटण फिरवताना खरखर येत होती, ते बदलून घेतले आणि पॉवर सप्लायचे फुगलेले कपॅसिटर नवे टाकले. उष्णता दर दहा अंशांनी वाढली की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, आणि मे महिन्यात 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या शहरात ॲम्प्लिफायर बंद कपाटात कोंबणे म्हणजे ते आयुष्य आपल्या हाताने कमी करणे होय. आता तो उघड्या फळीवर आहे, वर बोटभर नव्हे तर चांगली वीतभर जागा सोडून.

डॅकच्या बाबतीत एका मित्राने आपला डॅक काही दिवस वापरायला दिला. जोडल्याबरोबर आवाज अधिक उजळ आणि मोकळा वाटला, त्यामुळे मोह झाला. मात्र मल्टिमीटर स्पीकरच्या टर्मिनलला लावून एकच चाचणी सूर दोन्हींवर वाजवला, तेव्हा डॅकचा आवाज एका डेसिबलहून थोडा जास्त भरला. सीडी प्लेअर दोन व्होल्ट देतो तिथे हा डॅक 2.3 व्होल्ट देत होता. व्हॉल्यूम जुळवून, कोणते उपकरण चालू आहे हे न सांगता घरातल्यांना ऐकवले, तर कोणालाच खात्रीने ओळखता आले नाही. 16 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झ हे सीडीचे माप 1982 पासून बाजारात आहे, आणि ते नीट वाचणारे उपकरण आता दुर्मीळ राहिलेले नाही. किंचित मोठा आवाज कानाला नेहमी अधिक चांगला वाटतो, आणि शोरूममध्ये हे विक्रेत्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

वायरींबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सीताबर्डीत विजेच्या दुकानात मिळणारी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी वायर दहा फुटांसाठी वापरली आहे. जाऊन-येऊन तिचा रोध एका ओहमच्या दहाव्या भागाहूनही कमी येतो आणि सहा ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. एका दुकानात मला स्पीकरच्या निम्म्या किमतीची वायर दाखवण्यात आली होती.

आपल्याकडच्या हवामानाचा हिशेब मात्र कोणत्याही परदेशी परीक्षणात सापडणार नाही. एप्रिल ते जून हॉलमध्ये कूलर चालू असतो आणि त्याच्या पंख्याच्या घोंघाटात तंबोऱ्याचे बारकावे, श्वास, बोटांचे घासणे हे सारे बुडून जाते. ते तीन महिने मी पहाटे कूलर बंद करून तासभर ऐकत असे. उरलेल्या वेळी नवे आणि जुने स्पीकर यांत जाणवणारा फरक फक्त खालच्या सुरांचा होता. धूळही पुष्कळ बसते, म्हणून ट्वीटरवरची जाळी काढून ठेवण्याचा शौक इथे परवडत नाही. पावसाळ्यात व्होल्टेज खालीवर होते, त्यासाठी ॲम्प्लिफायरला साधा स्टॅबिलायझर लावला. त्याने आवाज सुधारत नाही, उपकरण वाचते.

सबवूफरचा, म्हणजे फक्त अगदी खालचे सूर वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरचा, विचार तूर्त बाजूला ठेवला आहे, कारण 51 आणि 56 हर्ट्झचे फुगवटे इतके जवळ असलेल्या खोलीत तो आधी त्रासच वाढवील. सीडी प्लेअरची लेन्स अधूनमधून डिस्क वाचायला नकार देते; ती पूर्ण गेली की त्या जागी एखादा साधासा डॅक येईल, आणि तो निवडताना त्याची किंमत सर्वांत आधी पाहीन.