जुन्या मिड-इंजिन गाडीत स्टेनलेसचे कूलंट पाइप आणि सिलिकॉन होज: काही महिन्यांनंतर

आधी निकाल सांगून टाकतो. फ्लोअरखालचे लोखंडी पाइप काढून स्टेनलेसचे टाकले, ते काम फर्स्ट क्लास झालं. त्याच सेटमध्ये आलेल्या रंगीत सिलिकॉन होजनी मात्र बराच छळ मांडला आणि त्यातले काही मी काढूनही टाकले.

गाडी दोन सीटची, वयाने बरीच जुनी, इंजिन सीटच्या मागे आणि रेडिएटर पार पुढे नाकाशी. म्हणजे गरम कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) मागून पुढे जाणार, गार होऊन पुन्हा मागे येणार, आणि हा सगळा प्रवास पोटाखालच्या दोन लांब पाइपांतून. हीटरचे बारीक पाइप वेगळेच. कंपनीने हे पाइप साध्या लोखंडाचे दिले होते, वरून काळा रंग. चाकांनी उडवलेला चिखल, खडी, पाणी हे सगळं त्यांच्याच अंगावर येतं. खालून बॅटरी मारून पाहिलं तर माझेही ठणठणीत दिसत होते. पण पाइप धरून ठेवणारी ब्रॅकेट सोडवली, त्यातलं रबर बाजूला केलं, आणि खाली लोखंडाचे पापुद्रे सुटले. नखाने निघत होते. रबर आणि पाइप यांच्यामध्ये ओला चिखल अडकतो आणि कधीच पूर्ण वाळत नाही. त्यामुळे पाइप तपासायचे असतील तर ब्रॅकेट सोडवल्याशिवाय तपासले असं समजू नका.

गळती सापडायला वेळ लागतो, कारण जमिनीवर काही सांडतच नाही. बारीक भोकातून गाडी चालू असताना, प्रेशर असताना कूलंट झिरपतं, गरम भागावर वाळतं आणि मागे फिकट रंगाची खपली राहते. जे थोडं खाली पडतं ते पोटाखालचा ट्रे झेलतो. हाती लागतं ते एवढंच: कूलंटच्या टाकीतली लेव्हल उतरते आणि गाडी थांबवल्यावर गोडसर वास येतो. हाच वास केबिनमध्ये येत असेल आणि हीटर लावल्यावर काच आतून चिकट धूसर होत असेल, तर पाइप सोडा, हीटरच्या कोअरकडे (डॅशमागच्या छोट्या रेडिएटरकडे) बघा.

या जातीच्या गाड्यांमध्ये लेव्हल उतरली की लोक लगेच हेडगॅस्केटचं (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलचं) नाव घेतात. घेऊ देत, पण तपासून घ्या. टाकीच्या तोंडावर निळं द्रावण असलेली नळी ठेवतात; जळलेला गॅस कूलंटमध्ये येत असेल तर ते पिवळं पडतं. पाइप मागवायच्या आधी ही तपासणी करायला मी सांगेन, कारण गॅस्केट गेलेलं असेल तर नवे पाइप टाकून काहीच साधत नाही. त्यानंतर प्रेशर टेस्टर. झाकणाच्या जागी तो बसवायचा, झाकणावर लिहिलेल्या प्रेशरइतकी हवा भरायची, बहुतेक गाड्यांत ते एक बारच्या आसपास असतं, आणि काटा खाली येतो का बघत बसायचं. थंड इंजिनवर टेस्ट पास झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. काही जोड फक्त थंडीत गळतात, काही फक्त गरम असताना. गरम इंजिनचं झाकण मात्र चुकूनही उघडू नका, टेस्टर थंड असतानाच लावा आणि मग गाडी चालू करा.

थोडीशीच तर गळती आहे, वरून टाकत राहू, हा हिशोब का चुकतो तेही सांगतो. पाणी आणि ग्लायकॉल निम्मेनिम्म असलेलं कूलंट उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. एक बार प्रेशरखाली तेच जवळपास १३० अंशांपर्यंत तग धरतं. भोक पडलं की प्रेशर धरत नाही आणि हा मधला सगळा फरक हातचा जातो. त्यात टेंपरेचरचा काटा धोका देतो. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेपर्यंतच तो खरं बोलतो. पाणी निघून गेलं आणि सेन्सर हवेत उघडा पडला, की काटा मधोमध आरामात उभा राहतो किंवा चक्क खाली येतो. पुढे इंजिन असलेल्या गाडीत निदान बॉनेटमधून वाफ दिसते, इथे ती आरशात दिसते, आणि दिसते तोवर हेड वाकलेलं असू शकतं. म्हणून मी टाकीत लेव्हल कमी झाल्यावर दिवा लावणारा सेन्सर बसवला. या सगळ्या कामातला हा सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी भाग.

हा फक्त स्वस्तातल्या गाड्यांचा रोग आहे असंही समजू नये. पोर्शच्या ९९६ टर्बो आणि जीटी३च्या इंजिनांत कूलंटच्या काही नळ्या चक्क चिकटवून बसवल्या आहेत. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो चिकटा सुटतो आणि नळी निसटली तर सगळं कूलंट एका दमात रस्त्यावर. जाणकार मालक त्या नळ्या वेल्ड करून घेतात किंवा पिन मारून घेतात.

पाइपांकडे वळू. जुन्याच पाइपला वेल्डिंग करून भागेल का, हे मेकॅनिकने पाहिलं. पण ठिगळाच्या शेजारचा पत्राही तितकाच पातळ झालेला, वेल्डिंगची टॉर्च लावली की भोक मोठंच होत जाणार. खराब तुकडा कापून मध्ये रबरी होज टाकता येते, गाडी घरी न्यायला ते ठीक. ॲल्युमिनियम हलकं असतं, पण खडीचा मार खायला मला ते नको होतं. स्टेनलेस घेतलं.

सेट हातात आल्यावर टोकं बघा. होज निसटू नये म्हणून पाइपच्या टोकाला उंचवट्याची एक कडी असायला हवी. माझ्या सेटमध्ये ती सगळीकडे होती, पण एका टोकाला इतकी बसकी की बोटाला जेमतेम लागत होती. तो पाइप बदलून घेतला. कापलेल्या कडेची धारही बारीक कानशीने मोडून घेतली, नाहीतर होज चढवतानाच आतून सोलली जाते. दुसरी गोष्ट, स्टेनलेस थेट ॲल्युमिनियमला टेकवू नका. मध्ये ओल आली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आणि या गाड्यांत ॲल्युमिनियमचे भाग कमी नसतात. प्रत्येक ब्रॅकेटमध्ये नवं रबर घातलं. बसवताना सगळं सैल ठेवून आधी पूर्ण लाइन जुळवली, मग कसलं. जुने बोल्ट तुटले, ते तुटणारच होते.

काही महिन्यांनी खालून पुन्हा पाहिलं. पाइप कोरडे, ब्रॅकेटखाली काही नाही. पैकीच्या पैकी.

सिलिकॉन होज दिसायला झकास, उष्णता सोसतात, कडक होत नाहीत. पण मऊ असतात, आणि क्लॅम्पखाली हळूहळू दबून बसतात. स्क्रूने आवळायचा साधा क्लॅम्प त्या दबतील तसा आपोआप घट्ट होत नाही. परिणाम असा की थंडीत सकाळी जोडापाशी थेंब, इंजिन गरम झालं की सगळं कोरडं. पुन्हा आवळलं तर क्लॅम्पच्या पट्टीच्या खाचांतून सिलिकॉन वर येतं आणि कापलं जातं. यावर इलाज म्हणजे आतून सपाट पट्टी असलेले, स्प्रिंगने ताण कायम ठेवणारे क्लॅम्प. ते लावल्यावर मोठ्या जोडांची तक्रार थांबली. हीटरच्या बारीक होजना मात्र मी कंटाळलो आणि तिथे साध्या ईपीडीएम रबराच्या होज परत आणल्या. कंपन्या वर्षानुवर्षं हेच रबर वापरतात, त्याला कारण आहे. सिलिकॉनमधून पाण्याची वाफही अगदी सावकाश पार होते, त्यामुळे गळती नसतानाही लेव्हल किंचित उतरू शकते. आणि इंजिन ऑइल गळत असेल तर आधी ते बंद करा. साधं सिलिकॉन आणि ईपीडीएम, दोघांनाही तेलाचं वावडं आहे.

हवा काढणं हा खरा वैताग. इतक्या लांबच्या लाइनमध्ये हवा कुठेही अडकते. हीटर गार फुंकतो, डॅशमागे गुडगुड होते, काटा नाचतो. रेडिएटरवरचा स्क्रू, हीटरचा स्क्रू, इंजिनाकडचा स्क्रू असं फिरत बसण्यापेक्षा व्हॅक्युमने भरायचं यंत्र ज्याच्याकडे आहे असं गॅरेज शोधा. ते आधी लाइन रिकामी खेचतं, व्हॅक्युम टिकला तर जोड ठीक आहेत हेही तिथेच कळतं, आणि मग कूलंट आपोआप आत ओढलं जातं. कूलंट रंग बघून घेऊ नका, रंगांना काही एक नियम नाही. गाडीच्या पुस्तकातलं स्पेसिफिकेशन बघा, आणि मिसळायला नळाचं पाणी नको, डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं) घ्या. काढलेलं जुनं कूलंट उघडं ठेवू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि ते विषारी आहे.

सध्या लेव्हल जागच्या जागी आहे. थर्मोस्टॅटच्या जोडावर एक पुसट खपली दिसते आहे, तिथला क्लॅम्प पुढच्या सर्व्हिसला बदलेन. टाकीचं प्लास्टिक पिवळं पडलंय, तेही झाकणासकट बदलायचंय. आणि क्लॅम्प लावणार असाल तर त्यांची तोंडं खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे ट्रे काढल्यावर हत्यार सरळ पोचेल. माझ्या गॅरेजवाल्याने दोन क्लॅम्प टाकीच्या दिशेला तोंड करून बसवलेत, आणि आता त्यांच्यापर्यंत हात पोचवायला मागचं चाक काढावं लागतं.