बेक केलेली ज्वारीची चकली: बाबांच्या बशीसाठी

दांडिया बाजारातल्या एका घरगुती फराळ करणाऱ्या काकूंकडून यंदा ज्वारीची बेक केलेली चकली आणि नाचणीची शंकरपाळी आणली. बाबांना डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय, आणि दिवाळीत त्यांची बशी रिकामी बघवत नाही.

चकली उत्तम! ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे पीठ नुसतं गार पाण्यात भिजवलं तर सोऱ्यातून पडतानाच तुकडे होतात. काकू आधी उकड काढतात, ती गरम असतानाच लोणी घालून मळतात. मग १६० अंशांवर पाऊण तास, मध्ये एकदा उलटून. म्हणूनच काटे शाबूत आणि आतपर्यंत कुरकुरीत. डबा उघडताच तीळ-ओव्याचा वास येतो. तळलेल्या भाजणीच्या चकलीचा खमंगपणा मात्र हिच्यात नाही, हे सांगायलाच हवं.

शंकरपाळी नाही आवडली. दाताला कडक, आणि गूळ भरपूर. मधुमेह असणाऱ्यांनी नुसतं नाचणीचं नाव ऐकून घेऊ नये. काकूंना तसं सांगितलं, त्यांनी नीट ऐकून घेतलं.

चकली सादळली तर गरम ओव्हनमध्ये पाच मिनिटं ठेवा. बाबांनी काल दह्यासोबत चार खाल्ल्या.