पेबल फ्लो, लाइटशिप आणि विजेच्या ट्रेलरचा खरा हिशेब

ओढायला इलेक्ट्रिक पिकअप किंवा मोठी इलेक्ट्रिक एसयूव्ही असेल आणि वीज-पाण्याची सोय नसलेल्या जागी सलग दोन-तीन रात्री मुक्काम करायची सवय असेल, तरच अमेरिकेतल्या या नव्या, मोठी बॅटरी असलेल्या राहण्याच्या ट्रेलरकडे आत्ता गंभीरपणे पाहावं. पेट्रोल-डिझेलच्या ट्रकने ओढणाऱ्यांचे जास्तीचे पैसे वसूल होत नाहीत. कारण पुढे येईलच, पण निर्णय घ्यायला एवढं पुरेसं आहे.

नव्या कंपन्यांपैकी दोन नावं विचारात घेण्यासारखी आहेत. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉंटची पेबल आणि कोलोरॅडोची लाइटशिप. पेबल फ्लो २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये दाखवला गेला. २५ फूट लांबी, ४५ युनिटांची एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बॅटरी, छतावर सुमारे एक किलोवॉटची सोलर पॅनेलं. (युनिट म्हणजे आपल्या लाइट बिलावरचंच, एक किलोवॉट-तास.) लाइटशिप टेस्लातून बाहेर पडलेल्या दोघांनी काढली. त्यांचा एल१ २०२३ च्या मार्चमध्ये ऑस्टिनला दाखवला गेला, तेव्हा किंमत सव्वा लाख डॉलरपासून सांगितली होती. पुढे एई.१ या नावाने पहिली मर्यादित आवृत्ती आली ती अडीच लाख डॉलरला. लांबी २७ फूट, बॅटरी ७७ युनिटांची, कमाल वजन ७,५०० पाउंड. पेबलची सुरुवात एक लाख नऊ हजार डॉलरच्या आसपास होते, पण जाहिरातीत जो ट्रेलर आपल्या पायाने हिचपाशी (गाडीला ट्रेलर जोडायच्या आकड्यापाशी) येताना दिसतो तो या किमतीत मिळत नाही. चाकांच्या मोटरी, आपोआप जोडणारा हिच आणि फोनवरून हलवण्याची सोय ‘मॅजिक पॅक’मध्ये येते आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. मूळ मॉडेल म्हणजे मोठी बॅटरी असलेला, मोटर नसलेला ट्रेलर. बुकिंग करताना हे आधी पक्कं करून घ्या.

चाकांतली मोटर रस्त्यावर ट्रेलरला स्वतः पुढे ढकलून गाडीला साथ देते. ती कशासाठी ते पाहू. इलेक्ट्रिक पिकअप मोकळा असताना महामार्गावर एका युनिटमध्ये साधारण दोन मैल जातो. मागे २५ फुटांचा, चौकोनी तोंडाचा ट्रेलर लावला की एक मैल. फोर्ड एफ-१५० लाइटनिंगच्या मोठ्या बॅटरीवर (१३१ युनिट) कागदोपत्री ३२० मैलांची रेंज आहे, ती अशा ट्रेलरमागे सव्वाशे-दीडशेवर येते. याचं मुख्य कारण वजन नव्हे, वारा. सपाट रस्त्यावर ताशी ६५ मैलांनी जाताना ट्रेलरची उभी भिंत हवा ढकलत असते. म्हणून लाइटशिपने केलेलं काम मला या क्षेत्रातलं सर्वांत अस्सल काम वाटतं: प्रवासात वरचा अर्धा भाग खाली बसतो आणि उंची सुमारे ६ फूट ९ इंच होते, मुक्कामाला तोच १० फुटांपर्यंत वर जातो. बॅटरी वाढवण्याऐवजी गरजच कमी केली. पेबलने पुढचा भाग गोलाकार केला आहे, पण उंची कायम राहते, त्यामुळे फायदा तेवढा नाही.

हिशेब असा. चौकोनी ट्रेलर मैलामागे सुमारे अर्धं युनिट जास्तीचं खातो. आकार सुधारून हा खर्च पाव युनिटावर आला असं धरा, तर ७७ युनिटांची बॅटरी तीनशे मैलांच्या आसपास स्वतःचा भार स्वतः उचलेल. कागदावर छान. पण पंख्यापासून पाण्याच्या गिझरपर्यंत घरातलं सगळं याच बॅटरीवर चालतं. एकाच पगारात घरभाडंही भागवायचं आणि गाडीचा हप्ताही, तशी ही गत आहे. रस्त्यावर मोटरीची पूर्ण साथ घेतलीत तर मुक्कामाला रिकाम्या बॅटरीनिशी पोचाल.

उदाहरण घेऊ. फ्रीमॉंटहून योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातली व्हॅली सुमारे १७० मैल. वाटेत १२० नंबरच्या रस्त्याने क्रेन फ्लॅटपर्यंत सहा हजार फुटांवर चढायचं. तीन टनांचा ट्रेलर तेवढा वर नेण्यासाठी नुसत्या चढाईलाच १५ युनिट लागतात, मोटरीतली घट वेगळी. उतारावर रीजेनने (मोटरीने ब्रेक लावताना बॅटरीत परत जाणाऱ्या विजेने) त्यातलं थोडंच परत मिळतं. पेबलच्या ४५ युनिटांत १७० मैलांची साथ आणि ही चढाई बसवायला गेलात तर व्हॅलीत पोचायच्या आधीच बॅटरी संपते, आणि तिथल्या कॅम्पग्राउंडमध्ये ट्रेलरसाठी विजेचं कनेक्शन नाही. म्हणून साथ कमी ठेवा, ट्रकला वाटेत मँटेकाच्या आसपास चार्ज करा आणि ट्रेलरमध्ये किमान ६० टक्के राखून वर जा. आणखी एक गोष्ट, जी बुकिंगनंतर कळते: व्हॅलीतल्या अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंडमध्ये ट्रेलरची मर्यादा २४ फूट आहे. पेबल २५ चा, लाइटशिप २७ चा. लोअर आणि नॉर्थ पाइन्समध्ये ३५ फुटांपर्यंत चालतं. लांबी मोजताना पुढचा दांडाही धरतात.

मुक्कामाला रोज किती लागतं? फ्रिज एक-सव्वा युनिट, उपग्रह इंटरनेट दीड, चौघांच्या अंघोळीचं पाणी दोन ते तीन, स्वयंपाक दोन, दिवे-पंप-चार्जिंग मिळून अर्धं. म्हणजे सात-आठ युनिट. एसी लावला की त्यात सहा ते बारा वाढवा. सोलर उन्हाळ्यात मोकळ्या जागी पेबलला रोज चार-एक युनिट देईल. लाइटशिपचं छत १.८ किलोवॉटचं आहे, तिथे सात-आठ युनिट धरा. देवदारांच्या सावलीत हे आकडे एक-दोनवर येतात. कॅम्पग्राउंडच्या चांगल्या जागा सावलीतच असतात, तेव्हा सोलरच्या आकड्यावर बेत आखू नका.

स्वयंपाकघराबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इंग्रजी परीक्षणांत हे सापडत नाही. दोन्हीत गॅस सिलिंडर नाही, शेगडी इंडक्शनची. वरण-भाताला उत्तम, पण कुकर स्टीलच्या तळाचा हवा. साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. पोळ्यांना बिडाचा किंवा जाड लोखंडी तवा चालतो, मात्र बुडाशी पूर्ण सपाट असायला हवा. मधे खोलगट तवा असेल तर कडा कच्च्या राहतात आणि मधे डाग पडतात. १२०० वॉटवर तवा तापवून मग ८०० ते ९०० वर ठेवला की पोळी नीट भाजते. आचेवर फुगवायचा फुलका विसरा, कापडाने दाबून तव्यावरच फुगवावा लागतो. फोडणी करताना भांडं जरा उचललं की शेगडी बंद होते, त्यामुळे मोहरी तडतडेपर्यंत कढई हलवू नका. पेबलची शेगडी उचलून बाहेर नेता येते, मासे तळायला ही सोय फार कामाची.

थंडीत चित्र बदलतं. पाण्याचा गोठणबिंदू गाठणाऱ्या रात्री हीट पंप (उलटा चालून आत ऊब देणारा एसी) सरासरी एक ते दीड किलोवॉट घेतो, दिवसाला २५ ते ३० युनिट. पेबलची भरलेली बॅटरी दीड दिवस टिकेल. साध्या ट्रेलरवरच्या २० पाउंडाच्या प्रोपेन सिलिंडरमध्ये सव्वाशे युनिटांइतकी उष्णता असते आणि तो पाच मिनिटांत बदलता येतो. शिवाय एलएफपी पेशी शून्याखाली चार्ज करता येत नाहीत. आधी बॅटरी गरम व्हावी लागते आणि ती वीजही बॅटरीतूनच जाते. हिवाळ्यात टाहो सरोवराकडे, बर्फात जाणाऱ्यांनी कनेक्शन असलेली जागाच घ्यावी.

सगळ्यांत मोठा गैरसमज ओढायच्या क्षमतेचा. ट्रेलर स्वतः ढकलतो म्हणून लहान गाडी चालेल, असं नाही. गाडीची मर्यादा ट्रेलरच्या कमाल वजनाशी ताडली जाते, मोटर असो वा नसो. मोटर बंद पडली, बॅटरी संपली, तरी ते धूड तुमच्याच मागे राहणार. ७,५०० पाउंडांच्या ट्रेलरचं हिचवर १० ते १५ टक्के, म्हणजे ७५० ते १,१२५ पाउंड येतं. टेस्ला मॉडेल वायची मर्यादा ३,५०० पाउंड, मॉडेल एक्सची ५,०००. दोन्ही बाद. रिव्हियनची एसयूव्ही आर१एस ७,७०० पर्यंत घेते, म्हणजे लाइटशिपसाठी जेमतेम. रिव्हियनचा पिकअप आर१टी आणि टेस्लाचा सायबरट्रक ११,००० पर्यंत, तिथे अडचण नाही.

कॅम्पग्राउंडच्या विजेच्या खांबावर चार्ज करताना बरेच बिघाड होतात. ३० अँपिअरचं सॉकेट १२० व्होल्टचं असतं. सलग भारासाठी ८० टक्केच धरायचं, म्हणजे २४ अँपिअर, २.९ किलोवॉट. ७७ युनिटांना २७ तास, ४५ ला १६. ५० अँपिअरच्या सॉकेटवर २४० व्होल्ट मिळतात आणि ४० अँपिअरने ९.६ किलोवॉट, ट्रेलरचा चार्जर तेवढं घेत असेल तर ७७ युनिट आठ तासांत. घट धरून दहा टक्के वेळ वाढवा. ही सॉकेटं जुनी, ढिली असतात. साधा ट्रेलर अधूनमधून वीज ओढतो म्हणून ती तग धरतात, पण रात्रभर सलग २४ अँपिअर ओढल्यावर ढिल्या पट्ट्या तापून प्लग वितळतो. चार्जिंग सुरू केल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. हात ठेववत नसेल तर करंट १६ वर आणा किंवा जागा बदला. व्होल्टेज १०४ च्या खाली गेलं की बंद करा. ईएमएस प्रकारचा (व्होल्टेजवर नजर ठेवणारा) संरक्षक लावाच, व्होल्टेज घसरलं की तो वीज आपोआप तोडतो.

महामार्गावरच्या फास्ट चार्जरचा प्रश्न वेगळा. बहुतेक ठिकाणी गाडी नाक पुढे करून लावायची असते, म्हणजे आधी ट्रेलर सोडा. आरपार जाता येईल अशा जागा वाढत आहेत, पण अजून कमी. मोटरवाला पेबल इथे खरा उपयोगी पडतो, सोडणं-जोडणं काही मिनिटांत होतं आणि मागे उभं राहून हातवारे करणारा माणूस लागत नाही.

नव्या कंपनीकडून घेताना माल चांगला आहे की नाही याइतकाच कंपनी टिकेल का हा प्रश्न मोठा. इलेक्ट्रिक गाड्या बनवणाऱ्या फिस्करने जून २०२४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तशाच कनूने जानेवारी २०२५ मध्ये. फिस्करच्या मालकांना सुटे भाग आणि सॉफ्टवेअरसाठी धावाधाव करावी लागली. ट्रेलर गाडीपेक्षा साधा असतो खरा, पण उच्च व्होल्टेजच्या भागाला गल्लीतला आरव्ही (राहण्याच्या गाड्या-ट्रेलर) दुरुस्त करणारा मेकॅनिक हात लावत नाही. म्हणून हे लेखी मागा: इंटरनेट किंवा ॲप नसताना छत खाली घेता येतं का, ब्रेक आणि दिवे चालतात का, मोटर निकामी झाली तर साधा ट्रेलर म्हणून ओढता येतो का. लाइटशिपच्या वरखाली होणाऱ्या छताचं रबरी सील हा कायमचा देखभालीचा विषय आहे. वर्षातून दोनदा पुसून सिलिकॉनचा हात द्यावा, आणि सुई-पानांचा कचरा तसाच ठेवून छत खाली घेऊ नये.

कराबद्दल: बॅटरी आणि सोलरवरची ३० टक्के केंद्रीय सवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. जुन्या माहितीत ‘सवलतीनंतरची किंमत’ दिसली तर ती धरू नका.

पेट्रोल ट्रकवाल्यांसाठी दुसरा रस्ता स्वस्त आहे. ३५-४० हजार डॉलरचा साधा ट्रेलर घ्या. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या आठ एलएफपी बॅटऱ्या (मिळून दहा युनिट), ३,००० वॉटचा इन्व्हर्टर, ८०० वॉटचं सोलर. सामान स्वतः बसवलं तर सहा-सात हजार डॉलरमध्ये होतं. एसी रात्रभर चालणार नाही, बाकी सगळं चालेल, गॅसची ऊबही राहील.

ताबा घेताना घाई करू नका. पाण्याची टाकी भरा, पंप चालू करून सगळे नळ बंद करा. पंप मधेच सुरू झाला तर कुठेतरी गळती आहे. छतावर दहा मिनिटं पाइपने पाणी मारा आणि आत कपाटांचे कोपरे चाचपा. शेगडी, एसी आणि गिझर एकदम लावून इन्व्हर्टर पडतो का पाहा. ब्रेकअवेची (ट्रेलर गाडीपासून सुटला तर आपोआप ब्रेक लावणाऱ्या स्विचची) पिन ओढा: ब्रेक लागले पाहिजेत आणि मोटर मेली पाहिजे, दोन्ही. मग सामान-पाण्यासकट कॅट स्केलवर (ट्रकच्या थांब्यावरच्या वजनकाट्यावर) वजन करा. पाणी गॅलनला ८.३४ पाउंड, ४० गॅलन म्हणजे सुमारे ३३४. दारावरच्या पिवळ्या स्टिकरवर लिहिलेल्या भाराच्या मर्यादेत ते धरून कपडे, भांडी, सायकली बसल्या तरच सही करा.