कोंबड्यांचं हर्बल किट: बाटली घ्या, पुडा नको

साडेआठशेच्या या किटात लिव्हर टॉनिकची लिटरची बाटली, 'इम्युनिटी' पावडरचा अर्ध्या किलोचा पुडा आणि उवा-किड्यांसाठी फवारा येतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्याच घटकांच्या बाटल्या चार-पाच नावांनी दुकानात शेजारी शेजारी उभ्या असतात. माझा खुराडा चिपळूणजवळ. पन्नासेक पक्षी, गावठी आणि गिरिराज मिसळ. हजार पक्ष्यांच्या शेडवाल्यांचं गणित वेगळं.

बाटली मला आवडली. मागे भुईआवळा, काडेचिराईत, पुनर्नवा, माका असे घटक स्पष्ट छापलेत. रंग काळपट, वास थेट काढ्याचा, चव कडूजहर (बोटावर घेऊन पाहिली). गाळ तळाला बसतो, म्हणून हलवूनच घ्यायची. निपल ड्रिंकर (चोचीने टोचलं की पाणी देणाऱ्या तोट्या) असतील तर त्यांची तोंडं तुंबतात. दुकानदार म्हणाला, "वहिनी, पाण्यात गूळ टाका, मग पितील." कोंबडीला गोड चव कळतच नाही. गूळ वाया, भांडं आंबतं आणि मुंग्या वेगळ्याच. त्यापेक्षा रात्री पाण्याची भांडी काढून ठेवावीत आणि सकाळी टॉनिकचं पाणी बेतानं मांडावं. तहानलेल्या असतात, बघता बघता संपवतात. दिवसभर मग साधं पाणी. आमच्याकडे खाणं सुधारलं, विष्ठाही घट्ट झाली. अंडी वाढली, पण त्याच काळात खाद्यात सुकटीचा चुरा चालू होता, तेव्हा ते श्रेय बाटलीला देणार नाही.

पुडा म्हणजे हळद, सुंठ, मिरी, लसूण, तुळस. यातलं काय आपल्या घरात नाही? लसूण जास्त झाला की अंड्याला वास येतो, हे आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाने पहिल्याच डझनात ओळखलं. पण खरा राग पुड्यावरच्या मजकुराचा: मानमोडी, गंबोरो, देवी, सगळ्या रोगांवर रामबाण! मानमोडी विषाणूने होते. एकदा कळपात शिरली की हळद सोडाच, कुठलंच औषध तिला बरं करत नाही. म्हणून आधीच लस द्यायची: पिल्लं पाच ते सात दिवसांची असताना लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ही दुसरी लस. ही लस बर्फातून आणायची, कुपी शंभर डोसची, आणि कालवली की तासा-दोन तासांत संपवायची. पंधरा पिल्लांसाठी एवढा खटाटोप नको म्हणून माणसं पुड्याकडे वळतात. आमच्या वाडीत आम्ही चौघीजणी एकच दिवस ठरवतो आणि कुपी वाटून घेतो.

रक्ती हगवणीवरही पुड्याचा दावा आहे. पावसात खाली अंथरलेला तूस ओला झाला की ती हमखास येते. तूस बदला, कोरडा ठेवा, आणि विष्ठेत रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून अँप्रोलियम हे औषध सुरू करा. उठसूट अँटिबायोटिक पाजण्याच्या मी विरोधात आहे. २०१९ मध्ये सरकारने कोंबड्यांसाठी कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी घातली ते बरंच झालं. पण म्हणून आजारी पिल्लाला सुंठ चाटवत बसायचं नाही.

फवारा ठीक. कडुलिंबाचं तेल, करंज तेल, कापूर. रक्त पिणारे बारीक लाल किडे दिवसा कोंबड्यांच्या अंगावर सापडत नाहीत, बसायच्या दांडीच्या फटीत लपतात. रात्री दांडीच्या खालच्या बाजूने पांढरं फडकं फिरवा. तांबडे ठिपके उमटले तर किडे आहेत. फवारा त्या फटींत मारायचा आणि आठवड्याने पुन्हा, कारण किड्यांच्या अंड्यांतून नवे निघतात. घरी करायचा तर कडुलिंबाचं तेल पाण्यात मिसळत नाही, रिठ्याचं पाणी घालून घुसळावं लागतं. ते जमत असेल तर हाही विकत घेऊ नका. शिवाय खुराड्याबाहेर कोरडी माती आणि चुलीची राख टाकून ठेवा, बाकी कोंबड्या स्वतःच लोळून घेतात.

टॉनिकची बाटली सुटी साडेतीनशेला मिळते. दुकानदार आधी किटच पुढे करील, तेव्हा सुटीच मागा आणि झाकणाखालचं सील बघून घ्या. बाटलीला पाचपैकी चार तारे, पुड्याला शून्य.